कारभारीरावांचा राहिलेला डाव

पौष शुद्ध पंचमी, सोमवार

अंकुशनगरला सुखरूप पोहोचलो; मुलगी वंदना हिला तसे कळवले. जुन्या जालन्याच्या अरुंद गल्लीतून निघून एवढ्या मोकळ्या आकाशाखाली संध्येस बसलो आणि चित्त प्रसन्न झाले. येथील साखर कारखान्याचा हंगाम भरात आहे. उकळत्या रसाचा गोड वास वाऱ्याबरोबर घरभर येतो. कै. कारभारीरावांचे वर्षश्राद्ध द्वादशीस आहे. तोवर त्यांच्या खोलीत पोथीचे पारायण करावे, अशी त्यांच्या पत्नी सगुणाबाईंची इच्छा. कारभारीराव कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. मुलगा कल्याणही तेथेच आहे. शरीराने फार वाळलेला, पण बोलका. माझ्या पोथ्या उचलताना म्हणाला, “महाराज, एवढं वजन? आन् वर काहीच नेता येत न्हाई म्हणता!” मी मनापासून हसलो.

खोलीत संगणक आहे. त्याच्या उजळलेल्या पडद्यावर पत्त्यांचा, एकट्याने लावायचा डाव अर्धवट मांडलेला. तो बंद करू नये, एवढीच सूचना मिळाली.

पौष शुद्ध षष्ठी, मंगळवार

कारण कळले. कारभारीराव याच खुर्चीत, हाच डाव समोर असताना गेले. दशक्रियेस गोदाकाठी पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळीन, घर बांधीन, अशी सारी वचने कल्याणने दिली. कावळा फांदीवरून हलला नाही. शेवटी कल्याण रडकुंडीस येऊन म्हणाला की बाबा, तुमचा राहिलेला डाव मी पुरा करतो. त्या क्षणी कावळा उतरला.

तेव्हापासून कल्याण कामावरून येतो आणि या खुर्चीत बसतो. अन्न राहते, झोप राहते. डाव संपत नाही. त्याची पत्नी दैवशाला ताट झाकता झाकता स्पष्टच बोलली, “महाराज, मला माझा माणूस पाहिजे. सासऱ्याचा डाव नको.”

मृताला दिलेला शब्द मोडता येत नाही. परंतु यजमान असमर्थ असल्यास प्रतिनिधीने कर्म पूर्ण करावे, असे शास्त्र आहे. पारायणही मी यांच्या वतीनेच करतो. उजव्या तळहातावर उदक घेतले, स्वतःचे नाव-गोत्र उच्चारले आणि तो डाव माझ्या शिरावर घेतला. कल्याण म्हणाला, “पण महाराज, माऊस धरता येतो का?” मी म्हणालो, शिकव.

पौष शुद्ध सप्तमी, बुधवार

कल्याण काल पोटभर जेवला आणि उजाडेपर्यंत झोपला. दैवशालेने आज मला दुप्पट दूध दिले.

डावाचे नियम सोपे आहेत. लाल पत्त्यावर काळा, काळ्यावर लाल, उतरत्या क्रमाने. रांग रिकामी झाली तर तेथे फक्त राजा बसतो. पारायणाचा अध्याय आटोपून बसलो. सर्व पत्ते जागी लागले, एकच पालथा उरला. तो उलटण्यापूर्वीच सारा डाव विस्कटून पुन्हा मांडला गेला. असू दे. मी आयुष्यभर कठीण ग्रंथ लावले आहेत. याने हार खाणारा मी नव्हे.

पौष शुद्ध अष्टमी, गुरुवार

जपाच्या वेळी एक विपरीत घडले. माळेला तर्जनी लावू नये, हा नियम मुंजीपासून पाळत आलो. आज तर्जनी आपोआप वाकली आणि मेरुमण्यावर टकटक करू लागली, जशी माऊसवर करते. पितरांना पाणी देतात ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. ती वाट मीच संकल्पाने उघडून दिली काय?

मूठ आवळून जप पूर्ण केला. केलाच.

पौष शुद्ध नवमी, शुक्रवार

भर दुपारी खिडकीत कावळा येऊन बसला. हाकलला तरी जाईना.

पडद्यावर दोन राजे निराळे दिसतात. सगुणाबाईंना बोलावले. इस्पिकचा राजा पाहताच त्यांनी पदर तोंडाशी नेला. हे माझे मालक, म्हणाल्या. किलवरचा राजा कोण, ते विचारल्यावर त्या खाली बसल्या आणि सांगू लागल्या. “यांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता, महाराज. लॅबमधला जोडीदार वारला. त्याच्या पिंडाला कावळा शिवेना. त्याची लेकरं रडून राह्यली म्हणून हेच बोलले, तुझा डाव मी पुरा करतो. मंग त्याचं हे मशीन घरी आणलं.”

म्हणजे डाव कारभारीरावांचा नव्हताच.

तिसरी रांग रिकामी आहे.

पौष शुद्ध दशमी, शनिवार

संगणकाची वायर मी स्वतः उपटली. पडदा काळा झाला. टकटक थांबली नाही — माझीच तर्जनी पाटावर वाजत होती.

कल्याण पाया पडला. माझं मला परत द्या, म्हणाला. मी खडसावले. दैवशालेला सांगितले की त्याला या दारात येऊ देऊ नकोस. तिने बाहेरून कडी घालून कुलूप लावले. शहाणी मुलगी.

पौष शुद्ध एकादशी, रविवार

उपवास. पाणीही नको.

डोळे मिटले की रांगा दिसतात. रिकाम्या रांगेशी एक पालथा पत्ता. आता उलटतो आहे — कपाळावर माझे गोपीचंदन.

बसणार नाही मी तेथे. ओढा किती ओढायचे ते.

पौष शुद्ध द्वादशी, सोमवार

खिडकीत कावळे दाटले आहेत. पारायणाचा शेवटचा अध्याय उभ्याने संपवला. ते मात्र पुरे झाले.

आता कळले. याला खेळणारा नको, कबूल होणारा हवा. माझ्या पिंडापाशीही तेच होईल.

वंदना, बाळ, तुझ्या बापाची आज्ञा. माझ्या पिंडाला कावळा शिवणार नाही. दर्भाचा कावळा कर, स्पर्श करव आणि उठून घरी जा. मागे पाहू नकोस. मी अडकलो तर अडकू दे. मोक्ष नको मला या किमतीला. तुझ्या तोंडून एक शब्दही —

तर्जनी लेखणीवरून उठते आहे — दाबून धरतो —

वंदना, एवढा एक डाव पुरा कर म्हणजे मी सुट

वरची ओळ माझी नव्हे. मी लिहिली नाही ती. हाताने लिहिली. ऐकू नकोस. कितीही विनवले, कितीही माझ्या आवाजात — तू नाही म्हण. कोणीही कबूल होऊ नका. नाही म्ह