नागू कथेकऱ्याची जीभ

प्रिय भरत,

मंगळवारी तुझ्या आईचा फोन आला, म्हणून लिहितोय. तू जाऊन दोन महिने झाले. इतके दिवस तुझी आठवण मी टाळली, आणि आता चार दिवस दुसरं काही सुचत नाही.

"बाळा, तुमच्यात भरत घडाघडा बोलायचा म्हणं?" ती म्हणाली. "दीपा सांगत हुती. खरं हाय काय रं?"

खरंच की! राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत रविवारी दुपारी आपला खेळ चालायचा. फासे, सतरंजीवर पसरलेला नकाशा आणि प्रत्येकानं घेतलेलं एक सोंग. दीपा तलवारवाली. खेळ चालवणारा मी. राजे, राक्षस, वादळं, सगळं माझ्या हातात. तू आठवडाभर इचलकरंजीत मागावर राबून कुरुंदवाडहून एसटीनं यायचास. दर दोन शब्दांना अडखळायचास. आणि सोंग कुठलं घेतलंस? नागू कथेकरी! हत्यार नाही, चिलखत नाही, नुसत्या गोष्टी. पण नागू झालास की एक शब्द अडायचा नाही. कुठून आणायचास रे ती भाषा?

पुलावरचा राक्षस आठवतो? ती लढाई मी तीन आठवडे रचली होती. तू त्याला पुरात वाहून गेलेल्या म्हशीची गोष्ट सांगितलीस. ती चार गावं तुडवत घरी येते, आणि मालक तिला ओळखत नाही. राक्षसानं वाट सोडली. म्हणजे मला सोडावी लागली, कारण दीपा रडत होती.

"भावा, आता खेळ तूच चालव की," ती तुला म्हणाली. गमतीनं म्हणाली असेल. मला झोंबलं.

पुढच्या रविवारी मी एक राजा आणला. त्याला गोष्टींचा तिटकारा. त्यानं नागूची जीभ छाटायचा हुकूम सोडला. वाचण्यासाठी तू वीस बाजूंचा फासा टाकलास, मोठा आकडा जिंकणार. अठरा! मी पुठ्ठ्याच्या आडोशाला राजाचा फासा टाकला. तीन पडले.

मी म्हटलं, "एकोणीस."

हे आजवर कुणाला माहीत नाही.

"ह्यापुढं नागूनं फक्त खुणा करायच्या," मी जाहीर केलं. " सुटलो एकदाचे त्या चऱ्हाटातनं!" सगळे हसले. तू माझ्याकडं बघत "ब-ब-बरं" म्हणालास. का म्हणालास? पुठ्ठा उचलून बघायचास! एक शिवी तरी हासडायचीस!

उलट आणखी चार रविवार आलास, हातवारे करत बसलास. मी मुद्दाम उलटा अर्थ लावायचो. तू पाणी मागितलंस की मी सांगायचो, "नागूनं विहिरीत उडी घेतली." पोरं हसायची आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

पाचव्या रविवारी तू आला नाहीस. मी फोन केला नाही. पुढं तू त्या शेवटच्या तापानं पडलास, तेव्हा दीपा दवाखान्यात जाऊन आली. मी नाही.

"मग यायचा का बंद झाला रं?" आईनं विचारलं. "रविवारी न्हाऊन, इस्त्रीची कापडं घालून सोप्यात बसून ऱ्हायचा. कुठं जायाचं न्हाय, कुणाशी बोलायचं न्हाय."

"शिफ्ट बदलली असेल," मी म्हटलं.

"त्येची सुट्टी रविवारचीच हुती की, बाळा."

मग म्हणाली, "त्येची एखादी गोष्ट येत असंल तर सांगायला ये. आमी कधी ऐकलीच न्हाय."

मला तुझी एकही गोष्ट पुरती येत नाही, भरत. तू सांगत असायचास तेव्हा तुला कसं अडवायचं, हेच मी ठरवत असायचो.

उद्या रविवार. मी कुरुंदवाडला जाणार. गोष्ट येत नाही, हे आधी सांगणार, मग का येत नाही ते. "का रं केलंस?" असं ती विचारेलच. तो माझ्यापेक्षा चांगला होता, एवढंच म्हणेन. त्याला काही जोडणार नाही. माफी मागून तिच्यावर ओझं टाकणार नाही. आणि ती 'ऊठ' म्हणेपर्यंत उठणार नाही, हा शब्द.

संग्राम