उबेला रुसलेलं ऑर्किड

प्रिय आई,

लांबूनच तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे, खोली छान उबदार आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना, की कंटाळा?

इथे बागकामात मात्र डोकं फिरायची पाळी आलीय. सपातेसारखं फूल येणारं आमचं ऑर्किड रात्रीच्या गारव्याशिवाय फुलत नाही. मालकीणबाईंना लाख वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी! त्या रोपाला लेकरू म्हणतात, अन् लेकराला थंडी वाजेल म्हणून काचघरात हीटर चालूच.

शेवटी कुंडी गुपचूप माझ्या खोलीत आणून ठेवली. काही आठवड्यांनी कळी डोकावली! परत नेली, तर बाई म्हणतात, “बघ, माझ्या उबेचा गुण!” मी दातओठ खात कुंड्यांना पाणी घालत राहिले.

आणि हो, बाबांची लोकरीची शाल पाठव. खोली उबदारच आहे, पण असू दे.

तुझी,
धाकटी