पाइप जुने आहेत

४ ऑक्टोबर

आलो एकदाचे. आई पुढच्या सीटवर, मी गाडी चालवतेय आणि दोघींचं भांडण अखंड चालू, म्हणजे प्रवास अगदी नेहमीसारखा झाला. तिच्या मते मी चुकीच्या रस्त्याने आणत होते, माझ्या मते ती नकाशा उलटा धरून बसली होती. शेवटचं वळण घेतलं, समुद्र दिसला आणि ती बोलायची थांबली. एवढा वेळ गप्प बसलेली आई मी तिच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पाहिली.

घर खरंच छान आहे. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालंय. पुढच्या खोलीला जमिनीपर्यंत उतरलेली मोठी खिडकी आहे. तिच्यासमोर आमचं कुंपण, कुंपणाला लागून गोल्फच्या मैदानाचं सातवं होल, आणि त्याच्या पलीकडे थेट समुद्र. झोपायच्या दोन खोल्या आहेत. स्वयंपाकघराच्या मागे एक चिंचोळी खोलीही आहे, तिला खिडकी नाही, वर नुसता झरोका. पूर्वी तिथे गोल्फचं सामान ठेवत असावेत. मी बादल्या आणि झाडू ठेवले.

एवढं घर इतक्या स्वस्तात कसं, असं दलालाला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की मालकाला विकायची घाई आहे. आज किल्ल्या द्यायला मालक स्वतः आला, पण फाटकाच्या आत काही पाऊल टाकेना. चहाला बोलावलं तर नको म्हणाला. कोण कोण राहणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी आणि आई, आणि हंगामात सुट्टीला येणारे पाहुणे. त्यावर म्हणाला की आईला पुढच्या खोलीतच ठेवा, खिडकीपाशी. गाडीत बसल्यावर काच खाली करून पुन्हा तेच म्हणाला. मातृभक्त दिसतो बिचारा. असे आता राहिलेत कुठे?

७ ऑक्टोबर

आईची खुर्ची खिडकीत लागली आहे. सकाळी चहा घेऊन बसते ती जेवायलाच उठते. माझं वचन होतं ते. तिचं राहतं घर विकायला काढलं तेव्हा ती रडली होती, आणि मी म्हटलं होतं की तुला समुद्रासमोरची खिडकी देते. धाकटा भाऊ तिला आपल्याकडे न्यायला तयार होता. मीच नको म्हटलं. त्याच्याकडे तिला कोण बघणार, असंही वर ऐकवलं.

इथली माणसं फार अदबशीर आहेत. सातव्या होलवर येणारा प्रत्येक खेळाडू आमच्या खिडकीकडे बघून टोपी उचलतो आणि मगच चेंडू मारतो. आई हात हलवते, एखाद्या राणीसाहेबांसारखा. मीही हलवते. हॉटेलच्या स्वागतकक्षात आयुष्य घालवलं, पण आपल्याला कुणी टोपी उचलून नमस्कार करायची ही पहिलीच वेळ.

१५ ऑक्टोबर

पहिलं बुकिंग! गोल्फची स्पर्धा आहे, आणि एका कुटुंबाला अख्खं घर हवंय. पुढची खोली तर आधी हवीय, फोटो बघूनच त्यांनी घर निवडलं.

आईला सांगितलं की थोडेच दिवस मागच्या खोलीत काढायचे. मी स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर झोपेन, म्हणजे तिची हाक मला ऐकू येईल. बादल्या बाहेर काढल्या, पलंग आत लावला, भिंतीवर एक चित्रही टांगलं, जहाजाचं. ती आपली उशी आपणच उचलून घेऊन गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१८ ऑक्टोबर

आज लाज आणली तिने, असं सकाळी वाटलं होतं. संध्याकाळी कळतंय की लाज मी आणली.

पाहुणे नाश्त्याला बसलेले असताना आई गाऊनमध्येच पुढे आली, खिडकी शोधत. त्या लोकांनी उठून तिला खुर्ची दिली, खरंच भली माणसं. मी मात्र हसत हसत तिचा दंड धरला आणि तिला मागे नेलं. दंड जरा जास्तच घट्ट धरला होता. दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली आणि खोलीच्या दाराला बाहेरून लावली. चौकटीवर स्क्रूची जुनी भोकं होती. नवी कडी त्यांवर तंतोतंत बसली, नवं भोक पाडावंच लागलं नाही. तेव्हा मला त्याचा आनंद झाला, काम वाचलं म्हणून.

आता काही हवं असलं की आई काठीने भिंत ठोकते. पाहुण्यांमधल्या बाईंनी विचारलं, ही टकटक कसली. माझ्या तोंडून पटकन निघालं की पाइप जुने आहेत, हवा अडकते, लक्ष देऊ नका. इतकं गोड, इतकं सराईत. बाईंचं समाधान झालं. मी लगेच एका कार्डावर सुबक अक्षरात तेच लिहून किटलीशेजारी उभं केलं. पुढच्या पाहुण्यांनाही उपयोगी पडेल, असा विचार केला होता. हे लिहितानासुद्धा कान गरम होतायत.

२२ ऑक्टोबर

पाहुणे गेले आणि जाताना पोटभर कौतुक करून गेले. घर, चादरी, समुद्र, सगळ्याला पूर्ण गुण. शेवटी लिहिलंय की सगळ्यात लोभस म्हणजे तुमच्या आई, आम्ही उठायच्या आधीच खिडकीत येऊन बसलेल्या असायच्या.

आई मागे होती. कडी बाहेरून होती आणि ती रोज सकाळी मीच काढत होते.

एखादे वेळी गोंधळ झाला असेल त्यांचा. त्या दिवशीची गाऊनमधली आई लक्षात राहिली असेल. मी फार विचार केला नाही, कारण लगेच पुढचं बुकिंग आलं. आईला पुन्हा पुढच्या खोलीत न्यायचं ठरवलं होतं. आता चार दिवसांसाठी कशाला हलवाहलव, असं म्हणून राहिलं.

२७ ऑक्टोबर

सातव्या होलवर रोज खेळणारे एक निवृत्त डॉक्टर आहेत. त्यांचा चेंडू आमच्या अंगणात आला म्हणून मी तो द्यायला कुंपणापाशी गेले. आईंना आमचा नमस्कार सांगा, म्हणाले. टोपी उचलायचा रिवाज इथे कसा पडला, असं सहज विचारलं. ते म्हणाले की खिडकीतल्या आजींचा मान आहे तो, मी इथे खेळायला लागलो तेव्हापासून त्या बसतात. मी म्हटलं, आम्ही तर आत्ता आलो. ते हसले. मग हसायचे थांबले. चेंडू खिशात घातला आणि खेळ अर्धा टाकून निघून गेले.

मी वळून खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. पाठीची उशी मात्र दबलेली होती, कुणी आत्ताच टेकून बसावं तशी.

२९ ऑक्टोबर

आईने ठोकणं बंद केलं आहे.

परवा नव्या पाहुण्यांना मी आईच्या दाराबाहेरच पाइपांची गोष्ट सांगत होते. दार पातळ आहे. तिने ऐकलं. संध्याकाळी सूप घेऊन गेले तेव्हा म्हणाली की आता त्रास देणार नाही. रागावून नाही म्हणाली. पाव मऊ आहे किंवा दूध आलंय म्हणावं तसं म्हणाली. मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण बाहेर पाहुणे टॉवेल मागत होते, मी टॉवेल द्यायला गेले.

आणि टकटक चालूच आहे. आज भर दुपारी. मी धावत जाऊन कडी काढली. आई पलंगावर बसलेली, दोन्ही हात पांघरुणात, काठी कोपऱ्यात. आवाज तिच्या पाठीमागच्या भिंतीतून येत होता. मी विचारलं कोण ठोकतंय. आई म्हणाली, ती. तिला अजून वाटतं कुणीतरी येईल.

३० ऑक्टोबर

जुन्या मालकाला फोन केला. आधी उचलेना. उचलल्यावर मी काही बोलायच्या आत त्याने एवढंच विचारलं की आई कुठे आहे. मी खोटं बोलणार होते. सवय आहे. पण गप्प राहिले, आणि त्याला कळलं. चोराच्या मनात चांदणं, आणि इथे तर दोन्हीकडे चोरच.

मग तो बोलत राहिला. त्याची आई त्या मागच्या खोलीतच वारली, बाहेर पाहुण्यांची पार्टी चालू असताना. ती ठोकत होती. तो पाहुण्यांना सांगत होता की वाऱ्याने झरोक्याची झडप वाजते. तुम्ही काय सांगता, असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे.

पुढे त्याचंही दार एकदा बाहेरून लागलं. तो आत होता. एक पाहुणी जरा आगाऊ निघाली, झडप बघायला मागे आली, म्हणून सुटला. आईला आजच्या आज पुढे आणा, म्हणाला. आज. उद्या नाही.

पुढच्या खोलीत पाहुणे आहेत. चांगले आहेत. परवा सकाळी जातायत. दोन दिवसांसाठी त्यांना कसं उठवू, काय सांगू— आईला म्हटलं, हे गेले की लगेच. ती म्हणाली, तुझं काम आधी बघ, बाळा.

बाळा म्हणाली. मी कडी लावून घेतली.

३१ ऑक्टोबर, सकाळ

खोली रिकामी आहे. कडी लावलेली होती, मी काढली, आत आई नाही.

पुढे गेले. ती खिडकीत आहे, स्वतःच्या खुर्चीत, वेणी घातलेली. पाहुणे तिला चहा देतायत. तिच्याशेजारी दुसरी खुर्ची ओढलेली, तीही रिकामी नाही म्हणजे— तिच्यावर कुणी दिसत नाही. पण पाहुण्यांनी तिथेही कप ठेवलाय.

बाहेर एक खेळाडू थांबला. टोपी उचलली. खाली केली. पुन्हा उचलली.

आईने माझ्याकडे पाहिलं. ओळख होती नजरेत. तेच वाईट. मला भीती वाटायला हवी, आणि वाटते, पण त्याहून जास्त— तोंड दाखवायला जागा नाही, असं म्हणतात ना. तिच्यासमोर माफी मागायची होती. पाहुण्यांदेखत मागता आली नाही. अजूनही पाहुण्यांची लाज. तिची काठी आणि औषधं घेऊन येते म्हणाले, आणि मागे आले.

३१ ऑक्टोबर, दुपार

दार लागलं. मी गोळ्या उचलायला वाकले होते. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला, मग काठी टेकत टेकत कुणीतरी पुढच्या खोलीकडे गेलं.

काठी इथे आहे. माझ्या मांडीवर.

फोन स्वयंपाकघरात, चार्जिंगला. माझ्याकडे ही वही, कारण ती मी आईच्या उशाशीच बसून लिहायचे, तिला वाटावं मी सोबत करतेय.

ओरडले. समुद्राचा आवाज मोठा आहे. इथे किती मोठा येतो हे माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

नंतर

ठोकतेय. काठीने, दारावर, भिंतीवर.

भिंतीला एका उंचीवर बारीक खळगे आहेत. बसून ठोकणाऱ्याच्या उंचीवर. काही जुने. काही नवे, आईचे. जुने मी चित्र टांगताना पाहिलेच नाहीत— जहाजाने झाकले.

पाहुणे स्वयंपाकघरात आले. किटली ठेवली. मी जोरात ठोकलं. त्या बाई थांबल्या. मग वाचल्याचा आवाज, कार्ड वाचत होत्या, मोठ्याने, नवऱ्याला. अक्षर किती सुरेख आहे, म्हणाल्या.

सभ्य आहेत. कुणाच्या घरात डोकावणाऱ्यातले नाहीत. असेच पाहुणे मला हवे होते.

अजून

नवरा म्हणतोय पाइप असे वाजत नाहीत. देव त्याचं भलं करो. पावलं येतायत, दाराकडे येतायत— जवळ— ठोकतेय, डाव्या हाताने लिहि—

थांबला. आईला विचारतोय. पुढच्या खोलीतून तिचा आवाज, स्पष्ट, हसरा, अगदी माझ्यासारखा. काही नाही हो, म्हणतेय, पाइप जुने आहेत, हवा अडकते, लक्ष देऊ