भोवऱ्याची अकरा मिनिटं

सर, तुमची आणि माझी एक तक्रार सारखीच आहे. चुकणाऱ्या हाताकडे बघायला इथं कुणाला सवड नाही. सगळ्यांना फिरणारा भोवरा हवा. तो आधी वाकडा कसा गेला आणि सरळ कसा झाला, हे नको. शेवगावच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही हे घसा बसेपर्यंत सांगायचात. मी व्यासपीठांवरून सांगत आले. आणि काल माझ्याच टेबलावर मला हुकूम मिळाला, की चूक कापून टाका.

नगरला एका मंगल कार्यालयात छंदवाल्यांचं संमेलन होतं. नाणीवाले, पतंगवाले, काड्यापेटीवरची चित्रं जमवणारे, सगळे आले होते. प्रात्यक्षिकांचं चित्रीकरण आणि नंतरची जोडणी माझ्याकडे. मी दोन कॅमेरे लावते, एक चेहऱ्यावर, एक हातांवर. हातांवरचा मी स्वतः सांभाळते. पाथर्डीच्या एक मावशी भोवरे करायला बसल्या होत्या. आयुष्यभर एसटीत कंडक्टर, निवृत्त झाल्यावर वडिलांचा छोटा लेथ पुसून पुन्हा चालू केलेला. बाभळीचा तुकडा त्यांनी झरझर कातला, टोकाला लोखंडी आर ठोकली, जाळीची दोरी गुंडाळली आणि भोवरा टाकला. तो डुगडुगत चार हात गेला आणि आडवा पडला. लोक हसले. संमेलनाच्या सचिवांनी घाईनं माईक उचलला. "वा, वा! मावशींसाठी जोरदार टाळ्या होऊ द्या!"

"टाळ्या कशाला?" मावशी म्हणाल्या. "बिघाडलाय की. आर तिरकी गेली, आता ह्यो दारुड्यावानी हिंडनार. बसा खाली. डबल बेल दिल्याबिगर गाडी हालत न्हाई."

आणि सर, त्या पक्कड घेऊन आर उपटतात. भोकात बाभळीचीच बारीक पाचर बसवतात. मध्य शोधून पुन्हा ठोकतात, भोवरा टाकतात, कुठल्या अंगाला झुकतोय ते मान वाकडी करून बघतात, तेवढंच अंग काचेच्या तुकड्यानं खरवडतात, पुन्हा टाकतात. हसणारे लोक खुर्च्या पुढं सरकवतात. शेवटी भोवरा सचिवांच्याच तळहातावर फिरतो, इतका शांत की थांबल्यासारखा वाटावा. "आता वाजवा," मावशी म्हणतात. पडलेल्या भोवऱ्यापासून तिथपर्यंत अकरा मिनिटं.

काल सचिवांचा फोन आला. "मॅडम, ती मधली अकरा मिनिटं उडवा. आर ठोकली, भोवरा फिरला, असं सरळ जोडून टाका. लोक म्हणतील, कुणालाही धरून बसवतात."

"ते खोटं होईल."

"खोटं कसं? शेवटी फिरला की नाही भोवरा?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे पोरांना सांगायचं, की ज्याला जमतं त्याला पहिल्याच खेपेला जमतं, आणि ज्याची आर तिरकी गेली त्यानं मुकाट्यानं घरी जावं! असे किती हात आपण घरी पाठवले असतील? माझा अंगठा ठेचून टम्म सुजला होता तेव्हा तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नव्हतंत. भोवऱ्याकडे पाहून म्हणाला होतात, "उपट. पुन्हा ठोक." मी रडत उपटली, रडत ठोकली. त्या तीन शब्दांच्या जोरावर आजवर मोठमोठ्या सभांना सामोरी गेले. हे सगळं सचिवांना सुनवायला तोंड उघडलं, आणि "बघते" एवढंच म्हणून फोन ठेवला. कारण हेच काम मी एकदा केलं आहे, आणि तेही तुमच्यावर.

तुमच्या निरोप समारंभाची फिल्म. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याचा कॅमेरा मागून आणला होता, तुम्ही शाळेच्या पटांगणात भोवरा करून दाखवत होता. तुमचीही आर तिरकी गेली. उपटताना पक्कड सटकली, पुन्हा ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली, तुम्ही एक सणसणीत शिवी हासडलीत आणि पोरं खिदळली. मी ते सगळं कापलं. माझे सर चुकत नाहीत, हे गावाला दिसायला हवं होतं मला. तुमच्या घरी बसून आपण ती पाहिली. तुमचा चहा गार झाला. "हा कोण गं माणूस?" तुम्ही विचारलंत. "ह्याच्याकडून मी तरी काही शिकलो नसतो. मूळ कॅसेट घेऊन ये, पुन्हा जोडू." मी सांगितलं, तिला बुरशी लागली. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

बुरशी लागली नव्हती, सर. त्या कॅसेटवर मी वक्तृत्व स्पर्धेतलं माझं भाषण भरून घेतलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं होतं त्याला. आज ते दोन मिनिटंही ऐकवत नाही, आणि तुमचा ठेचलेला अंगठा जगात कुठेच उरलेला नाही.

आणखी एक. सचिवांवर इतकी चिडले, तरी त्यांना हवी तशी फिल्म मी काल करून ठेवली आहे. अकरा मिनिटं गाळून. समोरच आहे, आणि दिसतेही छान. एक कळ दाबली की त्यांच्याकडे जाईल. हे पत्र तर कुठंच जाणार नाही, त्या कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवीन. पण सर, या एका वेळेपुरतं तरी माझ्या भाषणाकडे लक्ष देऊ नका, हाताकडे बघा आणि ओरडा: उपट. पुन्हा ठोक.