भोंग्याची गाडी परत करताना

३ मार्च, मंगळवार

कंपनीचा फोन आला. गाडीचा करार या महिन्यात संपतोय, गाडी जशी नेली तशीच परत हवी. जशी नेली तशी! मेलो! आता भोंग्याचं काय करू?

मुलाने ही विजेची गाडी माझ्या नावाने तीन वर्षांच्या भाडेकरारावर घेऊन दिली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं — हिला आवाजच नाही. मांजरासारखी येते. लोक खुशाल आडवे चालतात. जन्म बस चालवण्यात गेला माझा, मला कसं चालायचं हे? आमच्या डेपोतला मेकॅनिक, ज्याला सगळे पाना म्हणतात, त्याच्याकडे दोन दिवस गाडी ठेवली आणि बसचा भोंगा बसवून घेतला. पुढच्या पत्र्याला भोकं पाडावी लागली. गाडीत काही बदल करायचा नाही असं करारात होतं म्हणे. माझं शिक्षण सातवी. तेवढी बारीक अक्षरं कोण वाचतो?

दिवसभर धड जेवलो नाही. ही म्हणते, “अहो, भोंगाच आहे, बॉम्ब नव्हे.” हिला सगळं सोपं!

५ मार्च, गुरुवार

पान्याकडे गेलो. भोंगा काढ, भोकं बुजव, रंग मार, म्हटलं. तो म्हणतो, “काका, गाडी आजची रात्र राहू द्या इथेच. बाकीचंही बघतो.”

बाकीचं म्हणजे?

“म्हणजे... एकूणच.”

एकूणच! गाडी सोडून जायची माझी छाती झाली नाही. चांगला भाग काढून भंगारातला बसवला तर? दुधाने तोंड पोळलेला माणूस मी. स्टूल ओढून समोरच बसलो. तो सारखा मोबाईल घेऊन बाहेर जात होता. एकदा म्हणाला, “काका, चहा पिऊन या ना कोपऱ्यावर.” मी म्हटलं, इथेच मागव.

भोंगा निघाला. रंग बरा जमलाय. पण बोट फिरवलं की कळतंच. रात्री उठून दोनदा बोट फिरवून आलो.

८ मार्च, रविवार

मुलाचा फोन. एरवी आठवड्याला एक, या आठवड्यात हा चौथा. “बाबा, गाडी मी नेऊन देतो. तुम्ही दगदग करू नका.” मी म्हटलं, नाव माझं, सही माझी, मीच देणार. “बाबा, ऐका ना जरा.” मग आईला द्या म्हणाला. ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली — दार लोटून!

काहीतरी शिजतंय. मला पुढची गाडी द्यायची नाही, हेच असणार. सत्तरी उलटली की लोक आपल्याविषयी बोलतात, आपल्याशी नाही.

९ मार्च, सोमवार

हिला शेजारी बसवून शेवटची फेरी. पुलापर्यंत गेलो, परत आलो. काय गाडी आहे! पाना सुरुवातीलाच म्हणाला होता, पाय नुसता ढिला करा काका, विजेची गाडी आहे, आपली आपण थांबते. अगदी तशीच. शाळेच्या फाटकापाशी अशी अलगद थांबली की हिच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही. “काय?” म्हटलं मी. “छान,” म्हणाली.

उद्या कुणाला न सांगता जातो आणि देऊन येतो. भोकांचं जे होईल ते होवो.

१० मार्च, मंगळवार

झालं ते लिहितो.

कंपनीच्या आवारात एक मुलगी गाडी तपासत होती, हातात टॉर्च. मी भोकांच्या बाजूला मुद्दाम उभा राहिलो, झाकून. तिचं तिकडे लक्षच नाही! तिने पलीकडचं दार उघडलं, हिच्या बाजूचं. वाकली. खाली टॉर्च मारला. आणि हसायला लागली.

“आजोबा, ड्रायव्हिंग स्कूल चालवता का?”

मला कळेना. “नाही, हा दुसरा ब्रेक आहे ना, म्हणून विचारलं.”

मी गुडघे टेकून पाहिलं. आत अंधारात, हिच्या सीटसमोर खाली, काळं पेडल. शिकाऊ पोरांच्या गाडीत मास्तरच्या पायाशी असतं ना, तसलंच. तिथून तार निघून माझ्या ब्रेककडे गेलेली. तीन वर्षं! मी त्या बाजूला कधी बसलोच नाही. ड्रायव्हर कशाला बसेल तिकडे?

“तुम्हाला ठाऊक नव्हतं?” पोरीचं हसू मावळलं. मी म्हटलं, ठाऊक होतं. विसरलो.

तिथूनच पान्याला फोन केला. “काका, तुमच्या मुलानेच सांगितलं होतं. भोंग्याबरोबर बसवून टाकलं. त्या दिवशी काढणार होतो, पण तुम्ही स्टुलावरून हलाल तर शपथ!”

घरी आलो. ही भाजी निवडत होती. सांगितलं. मान वर केली नाही. “आज ना उद्या कळणारच होतं,” एवढंच.

११ मार्च, बुधवार

मुलगा आला. चप्पल न काढताच सुरू. “बाबा, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही जुनी गाडी खांबाला घासली. आई शेजारी होती. मला रात्र रात्र झोप नव्हती. गाडी चालवू नका म्हटलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?”

म्हणजे मी हिच्या जिवावर उठलो होतो! अख्ख्या नोकरीत एका माणसाला खरचटलं नाही माझ्या बसखाली. तिथे मागे कंडक्टर असायचा. त्याच्या हातात घंटी होती. ब्रेक नव्हता.

परका कुणी फसवता तर शिव्या घातल्या असत्या. पोटचा पोर, ज्याला काका म्हणायला शिकवलं तो मेकॅनिक, आणि ही. माझ्याच शेजारी बसून! “छान” म्हणाली परवा. कुणाला छान म्हणाली? शाळेपाशी गाडी थांबली ती माझ्या पायाने, विजेने, की हिच्या पायाने? आता एकेक थांबणं आठवत बसलोय. एकाचीही खात्री देता येत नाही.

१२ मार्च, गुरुवार

बाहेरच्या खोलीत झोपलो.

१३ मार्च, शुक्रवार

लायसन मुलाच्या हातात दिलं. वाटलं होतं, राहू द्या म्हणेल. खिशात घालून गेला.

१५ मार्च, रविवार

पाना येऊन गेला. दारातच उभा. “काका, शिव्या द्या, पण बोला.” मी आत गेलो. हिने त्याला चहा दिला. दोघं हळू आवाजात बोलत होते. बोला! आता लपवायला काय उरलंय?

उभा राहिलो की उजवा पाय आपोआप दाबला जातो जमिनीवर. ब्रेक शोधतो मेला.

१७ मार्च, मंगळवार

शेवटी आज मीच हिच्यापाशी तोंड उघडलं. ब्रेक किती वेळा दाबलास, खरं सांग.

“एकदाही नाही.”

खोटं बोलू नकोस.

“अहो, पाय पोचतच नव्हता माझा. सीट पुढे घेतली की गुडघे समोर आपटायचे, मागे घेतली की ते राहायचं लांब. पहिल्याच दिवशी कळलं.”

मग पोराला सांगितलं का नाहीस?

“त्याला झोप लागायला लागली होती.”

आणि तू? तू कशी बसायचीस माझ्याशेजारी?

“कशी म्हणजे? बसायचे.”