ओल्या बिबड्यांचा चोर

नाना,

चिऊला घेऊन शेजारच्या भिकुबाईअक्कांकडे गेलेय. गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या त्यांनीच नेल्या, असं आई सकाळी त्यांना तोंडावर बोलल्या. "मी काय चोर शे का?" म्हणत अक्का रडत गेल्या.

मला मात्र पटत नाही. वाळलेले पापड तसेच आहेत, गेल्या त्या फक्त ओल्या बिबड्या, तेल-शेंगदाण्यांसोबत लगेच खायच्या. तेलाची बाटली बोटभर उतरलीय. धुवायच्या एका सदऱ्याच्या खिशात शेंगदाण्याची फोलपटं निघाली. सदरा कुणाचा, ते अजून कुणाला बोलले नाही.

डॉक्टरांनी तुमचं मीठ तोडलंय, म्हणून आईंची भीती वाटते, हे कळतं मला. पण आई पाचला बाजारातून येतील, तेव्हा तुम्हीच सांगा. आधी बीपीची गोळी घ्या.

सदरा धुतलाय. फोलपटं जपून ठेवलीत.

मेघा