उरलेल्या आलूच्या चीजवाट्या

प्रिय सुनबाई,

विसरभोळी तर तू पहिल्यापासूनच. दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसायचीस. परतवाड्याला माहेरी गेलीस की दर खेपेला एक पिशवी तिथेच विसरून यायचीस. पण कायमची निघताना एवढी कामाची गोष्ट सांगायची राहील, असं वाटलं नव्हतं. त्या चीजवाट्या कशा करायच्या, ते कोणाला सांगून गेलीस?

म्हणून हे पत्र. मी बोलते आहे, तुझी मुक्ता लिहिते आहे. मी 'तुले' म्हणते, ती 'तुला' लिहिते. माझं बोलणं धुऊन वाळत घालते पोरगी.

उद्या सकाळच्या बसने ती अकोल्याला, होस्टेलवर परत चालली. तू गेल्यापासून ती जेवत नाही गं. ताटावर बसते, पोळीचे तुकडे करते अन् "झालं माझं" म्हणून उठते. माझ्या डोळ्यांसमोर ही गत, तर तिथल्या मेसमध्ये कोण बघणार? मला एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरात जाते, ओट्याला हात लावते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. कशाला गेले होते, तेच आठवत नाही. तुझी सवय मला लागली.

परवा तिने आपल्या तोंडाने मागितलं. "आजी, आईसारख्या चीजवाट्या करून दे न." मी तिथेच पदर खोचला.

ताजे आलू आणले, उकडले, गरमगरम कुस्करले. मिरची, कोथिंबीर, किसलेलं चीज घातलं, वाट्यांना तेल लावून भरलं. मला अक्षर कळत नाही म्हणून ओव्हनच्या बटणापाशी तू लाल टिकली चिकटवून दिली होतीस, तिथवर फिरवलं. निघालं काय? लापशी! वाटी उलटी केली तर सगळं ताटलीत पसरलं. मुक्ता "छान आहे" म्हणाली अन् चमचा खाली ठेवला.

काल दुपारी पुन्हा तेच. तुझा नवरा म्हणतो, "आई, बाहेरून आणू का काही?"

"तू गप बस. तुले काय समजते आलूतलं."

तेव्हा पोरगीच बोलली. "आजी, तू ताजे आलू काहून घेते? आई तर रात्रीच्या उरलेल्या भाजीच्या करायची. फ्रिजमधल्या."

"म्हंजे मी तुले शिळं घालू?"

"फ्रिजमध्ये ते घट्ट होते न, आजी."

सुनबाई, आता ऐक. उरतं तर रोज. माझा हात चौघांच्या अंदाजाचा, तो अजून तिघांवर येत नाही. तुझ्या वाटचं रोज उरतं, अन् संध्याकाळी मी ते दारातल्या गाईला घालते. आईवेगळ्या पोरीला आजी शिळं चारते, असं आपल्या राजापेठेत कोणी म्हणायला नको, म्हणून.

इथे हिचं पेन थांबलं आहे. लिही गं. मी तुझ्या आईशी बोलून राहिली, तुझ्याशी नाही.

अन् सुनबाई, तू काय कमी आहेस? इतकी वर्षं मला शिळं खाऊ घातलंस, मी आपली "अजून एक वाढ" म्हणत राहिले. गालात हसत असशील तेव्हा.

काल रात्री कुस्करलेल्या आलूची भाजी केली, नेहमीच्याच हाताने. उरली ती फ्रिजात ठेवली. गाय दारात उभी राहून गेली, मी तिला नुसती पोळी दिली. आज दुपारी तीच चीज घालून वाट्यांत भरली, ओव्हनमध्ये भाजली, अन् वाटी उलटी केली तर गोळा जशाच्या तसा बाहेर आला, वरून लालसर, कडेला चीज करपलेलं. पोरीने एक खाल्ली. मग कोणी न म्हणता दुसरी उचलली. म्हणाली, "मीठ कमी आहे."

नावं ठेवली बघ तिने! "छान आहे"पेक्षा मला ते गोड लागलं. पण उद्याचं काय? परवाचं काय? जीव अजून आतबाहेर करतोच आहे.

तुला शब्द देते. हाताचा अंदाज मी कमी करणार नाही. या घरात चौघांचंच शिजेल, अन् तुझ्या वाटचं उरेल ते पोरीच्या पोटात जाईल. दर रविवारी तुझा नवरा डबा घेऊन अकोल्याला जाईल, मी त्याला सांगून ठेवलं आहे.

पितरांत तुझ्या पानावर कढी, वडे, खीर सगळं वाढीन. तेवढ्यावर समाधान मान. चीजवाट्यांसाठी कावळा पाठवू नकोस, त्या अकोल्याला पाठवायच्या आहेत.

तुझी सासू
(अंगठा लावला आहे)